विसाच्या पुढचे पुंजके

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम होता: तीनदा चालवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. संगणकावर कुठलंही गणित असो, ते तीन वेगवेगळ्या बियांनी तीनदा चालवायचं आणि तिन्ही निकाल जुळले तरच सरांच्या दारावर टकटक करायची. बी म्हणजे सुरुवातीला द्यायचा एक आकडा. त्या आकड्यावरून संगणक पुढचे सगळे फासे टाकत जातो. बी बदललं की फासे बदलतात, आणि तरीही उत्तर तेच आलं तर ते खरं मानायचं. सर पेठेतले, त्यामुळे नियमाबरोबर स्पष्टीकरण मिळत नसे. "बोलणाऱ्यांची पुण्यात टंचाई नाही," ते म्हणायचे. "आपण मोजा."

नियम चांगला आहे. आज मी एका कॉलेजात शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही तोच लावते. त्या नियमाच्या आड लपून मी एकदा तीन दिवस गप्प बसले आणि एका बाईचं सगळं काम माझ्यासमोर जळू दिलं, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली.

मी तेव्हा विश्रांतवाडीहून रोज बसने विद्यापीठात जायचे. घरात डॉक्टरेट करणारी मी पहिलीच, म्हणून आईला माझ्या कामाचा फार अभिमान होता आणि ते काम काय आहे याचा पत्ता नव्हता. एकदा सकाळी तिची वंदना म्हणून झाली आणि ती पोळ्या लाटायला बसली, तेव्हा मी तिला नीट समजावलं. वरून, आकाशातून, सतत बारीक कण येत असतात. छतातून, आपल्यातून आरपार जातात, आपल्याला कळतही नाही. तोच कण गॅस भरलेल्या डबीतून गेला तर जाता जाता गॅसच्या अणूंना धक्के देतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते पकडले की कण कुठून गेला ते समजतं. डबी म्हणजे डिटेक्टर. कुठे किती इलेक्ट्रॉन सुटतील याचं सोंग मी संगणकात वठवते.

आईने पोळी उलटली. "म्हणजे पाहुणा जाऊन गेला की कुठं कुठं काय सांडलंय ते तू मोजतेस."

"तेच."

"आणि पाहुणाही खोटाच."

"हो, संगणकातला."

"मग सांडायचं किती, तेही तूच ठरवत असशील," ती म्हणाली. मी हसले आणि डबा घेऊन निघाले.

मी ठरवत नव्हते, तक्ता ठरवत होता. कण गॅसमधून जातो तेव्हा इलेक्ट्रॉन सरसकट सुटत नाहीत, मध्ये मध्ये सुटतात. आमच्या गॅसमध्ये सेंटिमीटरभरात साधारण पंचवीस-तीस ठिकाणी. त्यातल्या बहुतेक ठिकाणी एकच इलेक्ट्रॉन सुटतो, काही ठिकाणी दोन, कधी तीन-चार. आणि फार क्वचित असं होतं की सुटलेला इलेक्ट्रॉनच इतका पिसाळलेला असतो की तो आजूबाजूच्या अणूंना धडका देत सुटतो, आणि एकाच जागी शंभर, पाचशे, हजार इलेक्ट्रॉनांचा गठ्ठा पडतो. या गठ्ठ्यांना सगळे क्लस्टर म्हणतात, मी पुंजके म्हणायचे. कुठल्या आकाराचा पुंजका किती वेळा निघेल याचा एक तक्ता असतो, आणि संगणक दर धक्क्याला फासा टाकून त्या तक्त्यातून आकार उचलतो.

तो तक्ता मी बनवलेला नव्हता. आमच्याकडे बाहेर पडणारा माणूस आपलं फोल्डर नव्याला देऊन जायचा, जशी घरात मोठ्याची पुस्तकं धाकट्याकडे येतात. तक्त्याची फाइल माझ्याआधी तिघा-चौघांनी वापरली होती. ती तपासायची रीतही ठरलेली होती: सगळ्या शक्यतांची बेरीज करायची, ती एक आली की फाइल ठीक. मी आल्या दिवशी बेरीज केली. एक आली. पुढची तीन वर्षं मी त्या फाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शेजारच्या खोलीत ताई खरा डिटेक्टर बांधत होती. ताई अमरावतीकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि प्रयोगशाळेतली एकमेव व्यक्ती जिच्याशी सरही आवाज खाली आणून बोलायचे. तिने पुण्यात सात वर्षं काढली, पण बोलणं तिकडचंच ठेवलं. तिच्या डिटेक्टरचा जीव तीन फॉइलमध्ये होता. फॉइल म्हणजे तळहाताएवढा, प्लास्टिकच्या पिशवीसारखा पातळ कागद, दोन्ही अंगांना तांबं चढवलेला, आणि त्यात केसाएवढी बारीक हजारो भोकं. त्या परदेशातून यायला आठ महिने लागले होते. त्या ताणून चौकटीत बसवायला तिला त्याहून जास्त वेळ लागला. तिन्ही बसल्या त्या दिवशी तिने आम्हाला कचोरी दिली होती.

तिला एकेक इलेक्ट्रॉन सुटा सुटा पाहायचा होता. एका इलेक्ट्रॉनला आवाज नसतो, म्हणून फॉइलवर जबर व्होल्टेज द्यायचं, मग भोकात शिरलेल्या एकाचे पुढे लाखो होतात आणि तारेत खूण उमटते. पण व्होल्टेज फार चढवलं आणि त्याच वेळी एका भोकाशी फार इलेक्ट्रॉन आले, तर ठिणगी पडते. ठिणगी दर वेळी घात करत नाही, पण केला तर भोकाची कड वितळते, दोन अंगांचं तांबं जुळतं आणि ती फॉइल संपते. कुठपर्यंत चढवायला हरकत नाही, हे माझ्या गणितातून येणार होतं. ऑक्टोबरात मी तिला आकडा दिला: चार हजार दोनशे. तिने तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवला आणि खाली माझ्या नावाचं अक्षर घातलं. तिची फेलोशिप मार्चअखेर संपत होती.

डिसेंबरातला तो मंगळवार होता. माझा एक शोधनिबंध तपासणाऱ्यांकडून परत आला होता, बाकी सगळं मान्य, फक्त एका आलेखाचा उभा अक्ष बदलून द्या, लॉग करा, म्हणजे छोटे आकडेही दिसतील. दोन मिनिटांचं काम. मी अक्ष बदलला आणि आलेख पुन्हा काढला. दहा लाख कणांचे पुंजके होते. एक, दोन, तीन, आकार वाढत जाईल तसा आलेख हळूहळू खाली उतरत गेला, विसापर्यंत आला आणि थांबला. त्यापुढे काहीच नव्हतं. दहा लाख कण, त्यांचे कोट्यवधी धक्के, आणि सगळ्यांत मोठा पुंजका विसाचा. एकविसाचा एकही नाही.

साध्या अक्षावर ही शेपटी इतकी बारीक असते की ती आहे की नाही ते दिसतच नाही. आता दिसत होतं की ती कात्रीने कापल्यासारखी कापलेली आहे. मी तीन वर्षांनी पहिल्यांदा तक्त्याची फाइल उघडून वाचली. विसाव्या ओळीनंतर कुणीतरी इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं: पुढचं तात्पुरतं काढलं आहे, फार वेळ लागतो. तेव्हाची यंत्रं मंद असतील. शेपटी छाटली, उरलेल्या आकड्यांना थोडं थोडं फुगवून बेरीज पुन्हा एक केली, आणि नंतर विसरून तो माणूस नोकरीला लागला. आम्ही सगळ्यांनी बेरीज तपासली होती. शेपटी कापल्यावरही बेरीज एकच यायची, कारण ती तशी आणलेलीच होती.

नेहमीच्या कामाला या शेपटीने फरक पडत नाही, म्हणून तर कुणाला कळलं नाही. पण ताईच्या व्होल्टेजचा आकडा नेमका या शेपटीवरच ठरतो. ठिणगी सरासरीच्या पुंजक्याने पडत नाही, ती त्या क्वचित येणाऱ्या मोठ्या पुंजक्याने पडते, आणि माझ्या जगात तो पुंजका जन्मालाच येत नव्हता.

मी शेपटी परत जोडली आणि पहिल्या बियाने गणित लावलं. मोठे पुंजके हाताळायला यंत्राला खरंच वेळ लागत होता, जवळजवळ पूर्ण दिवस. बुधवारी दुपारी उत्तर आलं. सुरक्षित व्होल्टेज तीन हजार नऊशेच्या आत. त्यावर गेलं तर ठिणगी लगेच पडेलच असं नाही, पण एकाच भोकाशी दाटलेला मोठा पुंजका काही तासांत एखादा येणार, हे नक्की.

त्याच दुपारी ताईने मला चहाला ओढलं. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसलो. ती खुशीत होती. गॅसची गळती थांबली होती, डबी कोरडी झाली होती.

"शुक्रवारी व्होल्टेज तुझ्या आकड्यापर्यंत नेऊन राहिली मी," ती म्हणाली. "सोमवारपासून डेटा. मार्चपर्यंत थिसिस लिहून टाकते."

"घाई कशाला," मी म्हणाले. "हळूहळू ने ना."

"हळूहळूच नेऊन राहिली बाप्पा, सात वर्षं झाली."

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य होतं ते: ताई, माझा आकडा चुकला असावा, थांब. मी ते का म्हणाले नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ रचली. माझा निबंध याच तक्त्यावर उभा होता आणि छापून यायच्या बेतात होता. माझ्या फेलोशिपच्या मुदतवाढीचा कागद सरांच्या टेबलावर होता. हे सगळं खरं आहे. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहायची मला लाज वाटते. ताई कधी कधी म्हणायची, "तुमचं बरं आहे, चुकलं तर पुन्हा बटन दाबायचं." तिच्या मनात काही नसायचं. माझ्या मनात ते बसलं होतं. तिच्यासमोर पूर्ण खात्रीनेच जायचं, अर्धवट काही घेऊन जायचं नाही, असा हेका मी धरला. आणि हेक्याला आधार हवा तर तो तयार होता: एकच रन झाला आहे, तीन व्हायचेत.

दुसऱ्या बियाचं उत्तर गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला आलं. तेच. मी सरांच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं, सर कुठल्याशा समितीचे कागद वाचत होते.

"सर, एक निकाल दाखवायचा होता. तक्त्याबद्दल."

त्यांनी मान वर केली नाही. "किती रन झाले आपले?"

"दोन."

"मग उद्या संध्याकाळी या," ते म्हणाले आणि पान उलटलं.

मी तिथे उभी राहून म्हणू शकले असते की सर, ताई उद्या सकाळी फॉइलवर पूर्ण व्होल्टेज चढवणार आहे, हे संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. सर कुजकट होते, पण मूर्ख नव्हते, ते खुर्चीतून उठले असते. मी "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले. जिन्यात मला हलकं वाटलं. मी विचारायला गेले होते, मला उद्या यायला सांगितलं गेलं. आता जे होईल ते माझ्यावर नव्हतं. इतकं निर्लज्ज हलकेपण मला त्यानंतर कधी वाटलं नाही, आणि बसमध्ये बसल्यावर ते गेलंही. घरी मला जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिलं.

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. तिसरा रन साठ टक्क्यांवर होता, संध्याकाळी सहापर्यंत संपला असता. ताई माझ्याही आधी आली होती. दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं होतं आणि तिचा आवाज मला ऐकू येत होता. ती दर पायरीला आकडा मोठ्याने म्हणायची आणि मग वहीत लिहायची, एकटी असली तरी. तिची ती सवय होती.

"तीन हजार आठशे."

मी पडद्यावरच्या टक्क्यांकडे पाहत होते.

"तीन हजार आठशे पन्नास."

दर पायरीनंतर दहा मिनिटं थांबायचं असतं. त्या दहा मिनिटांत डबीतून बाहेर पडणाऱ्या गॅसचे बुडबुडे तेलाच्या बाटलीत फुटल्याचा फक्त आवाज येत राहतो. मी प्रत्येक वेळी ठरवायचे की पुढच्या आकड्याआधी उठायचं.

"तीन हजार नऊशे."

मी उठले. दारापर्यंत गेले. ताईचा एक हात बटनावर होता. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. बटनावर हात असलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हाही आमच्याकडचाच नियम. नियम कसले, एक तोडला असता तर काय आभाळ कोसळलं असतं. मी परत येऊन बसले.

साडेबाराला ती चार हजार दोनशेवर पोचली. काही झालं नाही. मीटरचा काटा स्थिर. आणि थोड्या वेळाने पडद्यावर खुणा उमटायला लागल्या, एकेक, सुट्या सुट्या, जशा तिला हव्या होत्या. तिने मला खेचत नेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा खरे पुंजके पाहिले. कण जात होता आणि त्याच्या वाटेवर एक, एक, दोन, एक असे ठिपके पडत होते. मी तीन वर्षं जे सोंग वठवत होते त्याचं मूळ रूप समोर होतं, आणि ते इतकं सुंदर होतं की क्षणभर मला वाटलं, माझीच जोडलेली शेपटी चूक असेल. असंच असू दे, असं मी मनात म्हणाले.

आम्ही तिथेच डबे उघडले. तिने ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. ती बोलत होती, सबमिशन झालं की आईला पुण्याला आणायचं, चार दिवस फिरवायचं. एक तास गेला, दोन गेले. घड्याळात मी पाहत होते, ती नव्हती. प्रत्येक कण आमच्या डोक्यावरून, आमच्यामधून, मग तिच्या डबीतून जात होता, मिनिटाला शंभरेक, आणि त्यांतला एखादा आपलं मोठं पुडकं घेऊन येणार होता. तो कधी येणार ते मला माहीत नव्हतं. येणार एवढंच माहीत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी टिक असा आवाज झाला. स्वयंपाकघरात लायटर एकदा दाबून सोडावा, तेवढाच. मीटरचा काटा एकदम उजवीकडे गेला आणि मशीनने स्वतःला बंद केलं. पडदा रिकामा झाला. ताईने पाच मिनिटं थांबून व्होल्टेज पुन्हा द्यायचा प्रयत्न केला. पाचशेच्या वर काही टिकेना. तिने तीनदा करून पाहिलं आणि मग बटनावरून हात काढून मांडीवर ठेवला.

डबी उघडली ती सोमवारी, सरांच्या समोर. सर्वांत खालच्या फॉइलवर मोहरीहून लहान काळा ठिपका होता. ताईने भिंग लावलं. बराच वेळ ती वाकून होती. मग म्हणाली, "धागा आहे सर." ठिपक्यापासून थोड्या अंतरावर जांभळा, लोकरीचा, पापणीच्या केसाएवढा तंतू पडला होता. भोकाशी असा धागा आला तरी ठिणगी पडू शकते. तिने अंगातल्या जांभळ्या स्वेटरकडे पाहिलं. तो तंतू डबी उघडताना पडला असेल, आधीच असेल, कसं सांगणार. तिने मात्र ठरवून टाकलं. "माझीच चूक आहे. बंद करताना पडला असेल. माझ्या हातानंच गेलं."

सरांनी भिंग हातात घेतलं. मी बाजूला होऊन त्यांना जागा दिली.

तिसरा रन शुक्रवारी संध्याकाळीच संपला होता. तोच निकाल. सोमवारी दुपारी मी तिन्ही कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आलेख पाहिला, फाइलमधली ती ओळ वाचली, चष्मा काढून डोळे चोळले. "बरं झालं छापायच्या आधी सापडलं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "याचा आणि त्या फॉइलचा काही संबंध?"

"तिथे धागा सापडला ना, सर," मी म्हणाले.

यात खोटा शब्द एकही नव्हता. सरांनी पुन्हा कागदांकडे पाहिलं. पहिल्या दोन रनच्या तारखा वर कोपऱ्यात छापलेल्या होत्या. त्या त्यांनी वाचल्या की नाही ते मला आजही माहीत नाही. कागद परत देताना ते माझ्याकडे न पाहता "या" म्हणाले. माझा निबंध दुरुस्त तक्त्यासह छापून आला. मुदतवाढही मिळाली.

नव्या फॉइल यायला आठ महिने लागणार होते आणि ताईकडे तीन होते. तिने फेब्रुवारीतच सामान बांधलं. मला एक भिंग देऊन गेली, म्हणाली, आता मले कशाला लागते. त्यानंतर आम्ही सणावाराला मेसेज करायचो. ती तिकडे ज्युनिअर कॉलेजात लागली. मी डॉक्टर झाले. आईने गल्लीत पेढे वाटले.

गेल्या जूनमध्ये ताईचा फोन आला. भाचीला कात्रजच्या पुढे एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता, तिला सोडायला ती पुण्यात आली होती. स्वारगेटला भेटू म्हणाली. तिथल्या एका हॉटेलात आम्ही बसलो. तिचे केस पांढरे झाले होते, ते तिने रंगवले नव्हते. इकडचं तिकडचं झालं, मग मी विचारलं, प्रॅक्टिकलला मुलं त्रास देतात का.

"प्रॅक्टिकल मी घेतच नाही," ती म्हणाली. "थिअरीच घेते. प्रिन्सिपलले सांगून ठेवलं आहे, यंत्राले माझा हात लागला का बिघडते." ती हसत होती. "धाकट्या बहिणीले पोरगा झाला ना, तर मी त्याले सहा महिने उचललंच नाही. सगळे म्हणाले, मोठी मावशी कशी दगड. मले भ्याव वाटे, पाडीन म्हणून."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. तेरा वर्षं मी समजत होते की तिचं एक पदवीचं काम बुडालं. ते बुडालंच होतं, पण मी तिच्याकडून काय घेतलं होतं ते मला आत्ता कळत होतं. मला तिथे रडू आलं. मग मी तिला सांगितलं. तक्ता कापलेला होता. माझा आकडा चुकीचा होता. धाग्याचा काही संबंध नव्हता, तुझ्या हाताचा तर नव्हताच. विसाच्या पुढचे पुंजके माझ्या गणितात नव्हते, आणि त्यांतल्याच एकाने तुझी फॉइल गेली.

वेटरने बिल आणून ठेवलं, तिने ते बाजूला सरकवलं. टेबलावर तिचे दोन्ही हात पालथे होते आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "तुले हे कधी समजलं? आधी, का मागून?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हेच सांगायला बसले होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार, असं सगळं ओळीने सांगायचं होतं.

"नंतर," मी म्हणाले. "सोमवारी."

तिने मोठा श्वास सोडला. मग टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला आणि दाबला. "मंग तुझा काय दोष व? आधी माहीत असतं तर तू सांगितलंच असतं, एवढं तर मी ओळखते तुले." तिने पदराने डोळे पुसले. "मी उगाच इतके वर्षं," ती म्हणाली आणि सरकवलेलं बिल पुढे ओढलं. बाहेर येताना तिने स्वतःहून सांगितलं की यंदा प्रॅक्टिकलची एक बॅच मागून घेईन.

कात्रजची बस लागलेली होती. ती खिडकीशी बसली आणि बस सुटेपर्यंत काच सरकवून माझ्याशी बोलत होती, भाचीकडे अधूनमधून लक्ष ठेव म्हणाली, तिचं तुझ्याशिवाय इथे कुणी नाही. मी हो म्हणाले.